चिवट तुकड्याचे चार तास

अमेरिकेतल्या सुपरमार्केटात बीफच्या कपाटासमोर उभं राहिलं, की स्वस्तातले दोन तुकडे बहुधा शेजारीशेजारी दिसतात. एकावर ‘चक रोस्ट’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘आय ऑफ राउंड रोस्ट’. दोन्ही लालभडक, दोन्ही स्टेकपेक्षा बरेच स्वस्त. घरी आणून दोन्ही एकाच पद्धतीने शिजवले, तर मात्र एक काट्याने सुटेल इतका मऊ होतो आणि दुसरा चामड्याची वहाण चावल्यासारखा लागतो. मग दोष कधी दुकानदाराला दिला जातो, कधी ओव्हनला. खरी गोम तुकडा जनावराच्या कुठल्या भागातला आहे, यात असते.

चक म्हणजे खांदा आणि मानेकडचा भाग. चरताना मान खाली-वर होते, चालताना खांद्यावर भार येतो. हे स्नायू दिवसभर कामात असतात आणि त्यांच्या तंतूंना बांधून ठेवणारं जाळंही तसंच दणकट असतं. त्या जाळ्यात भरपूर असतं ते कोलॅजन नावाचं प्रथिन. कच्चं असताना ते दोरीसारखं चिवट. पण पाण्याच्या सोबतीने पुरेसा वेळ तापलं की त्याचं जिलेटीन होतं. मटणाच्या पायांचा रस्सा गार झाल्यावर थिजतो, ओठांना चिकटतो, तो याच जिलेटीनमुळे. म्हणजे खांद्याच्या तुकड्यात जे चिवट असतं, तेच पुढे मऊपणा आणतं. महागाच्या टेंडरलॉइनमध्ये कोलॅजन फारच थोडं, म्हणून तो झटपट भाजून खायचा. तोच चार तास शिजवला तर पैसे पाण्यात.

राउंडचा भाग मागच्या मांडीचा. तोही राबणारा स्नायू, म्हणून टणक. पण त्याच्या आत चरबी कमी आणि कोलॅजनही चकच्या मानाने कमी. बराच वेळ शिजवला तर तंतूंतलं पाणी निघून जातं आणि ती कोरड झाकायला आत पुरेसं जिलेटीन तयार होत नाही.

आधी चकचं पाहू. तो बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा मधेच धीर सुटलेला असतो. मांस साधारण ५० अंश सेल्सिअसला पोहोचलं की त्यातली प्रथिनं आळू लागतात. साठीच्या घरात कोलॅजन आक्रसतं आणि तंतूंना पिळून रस बाहेर काढतं. या टप्प्यावर तुकडा आकाराने लहान होतो, कडक होतो आणि कापून पाहिलं तर कोरडा लागतो. स्वयंपाक करणाऱ्याला वाटतं, जास्त शिजला. तो प्रत्यक्षात कमी शिजलेला असतो. कोलॅजन विरघळायला सत्तरीच्या पुढे सुरुवात होते आणि ऐंशी-नव्वदच्या घरात त्याला वेग येतो. आतलं तापमान ९३ ते ९६ अंशांवर गेलं आणि तिथे थोडा वेळ राहिलं, की काटा खुपसून फिरवल्यावर मांस आपोआप सुटतं. दीड-दोन किलोच्या तुकड्याला १५० अंशांच्या ओव्हनमध्ये, म्हणजे अमेरिकी ओव्हनच्या ३०० फॅरनहाइटवर, तीन ते चार तास लागतात. कडक वाटला तर झाकण ठेवून आणखी अर्धा तास द्यायचा.

यासाठी लागतं जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं भांडं. तुकड्याला आदल्या रात्री मीठ चोळून तो फ्रिजमध्ये ठेवला तर मीठ आतपर्यंत मुरतं. दुसऱ्या दिवशी तो पुसून कोरडा करायचा आणि थोड्या तेलात सगळ्या बाजूंनी खरपूस होऊ द्यायचा. अशा भाजण्याने मांसाची छिद्रं बंद होतात आणि रस आत कोंडला जातो, ही समजूत जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिख यांनी एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय केली. ती चुकीची आहे. भाजलेल्या तुकड्यातूनही रस तसाच गळतो. अमेरिकी लेखक हॅरॉल्ड मॅगी यांनी १९८४च्या ‘ऑन फूड अँड कुकिंग’ या पुस्तकात तिचा समाचार घेतला, तरी पाककृतींतून ती अजून हटलेली नाही. भाजायचं ते चवीसाठी. साखर आणि अमिनो आम्लं तापल्यावर जो तपकिरी रंग आणि खमंग वास येतो, ती क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये मांडली. आपल्याकडे मटणासाठी कांदा लालसर होईपर्यंत परततात, त्या खमंगपणातही तिचाच मोठा वाटा असतो.

मग त्याच भांड्यात कांदा, गाजर, सेलरी परतायची, बुडाला चिकटलेलं खरवडून घ्यायचं आणि तुकड्याच्या निम्म्या उंचीपर्यंत स्टॉक, वाइन किंवा साधं पाणी ओतायचं. तुकडा बुडवायचा नाही. झाकणाखालची वाफ वरचा भाग सांभाळते. आणि खळाखळा उकळू द्यायचं नाही. बुडबुडे अधूनमधून यावेत, एवढीच आच. न्यू इंग्लंडमध्ये याला ‘यांकी पॉट रोस्ट’ म्हणतात. जर्मनीचं सावरब्राटन हे याचंच आंबट भावंड. त्यात मांस काही दिवस व्हिनेगरमध्ये मुरवतात.

चार तास भांड्यावर लक्ष ठेवायला माणूस घरी असावा लागतो. त्यावरचा अमेरिकी तोडगा मात्र एका ज्यू घरातून आला. अर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाच्या आईने लिथुएनियातल्या आपल्या लहानपणची आठवण सांगितली होती. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, घरात विस्तव पेटवता येत नसे, म्हणून शुक्रवारी चोलंट या मंद शिजणाऱ्या रस्सेदार पदार्थाचं भांडं गावातल्या बेकरीत नेऊन ठेवत. भट्टीच्या उरलेल्या उष्णतेवर ते रातभर शिजे. नॅक्सन यांनी विजेवर तसंच मंद शिजवणारं भांडं बनवलं आणि १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. १९७० मध्ये त्यांची कंपनी रायव्हल या कंपनीने घेतली आणि पुढच्याच वर्षी ते भांडं ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आलं. नोकरीसाठी घराबाहेर पडणाऱ्या बायकांची संख्या वाढत होती तो हा काळ. सकाळी भरून ठेवा, संध्याकाळी वाढून घ्या, ही सोय पुरेशी बोलकी होती. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: गोठलेला तुकडा थेट या भांड्यात टाकायचा नाही. तो इतका सावकाश तापतो की जंतूंना वाढायला वेळ मिळतो.

याच भांड्यातून ‘मिसिसिपी रोस्ट’ जन्मला. मिसिसिपी राज्यातल्या रिप्ली गावच्या रॉबिन चॅपमन यांनी १९९०च्या दशकात मावशीची एक कृती घरच्यांना सोसेल इतकी सौम्य केली. चक रोस्टवर रँच ड्रेसिंगच्या पावडरीचं एक पाकीट, ग्रेव्हीच्या पावडरीचं दुसरं, लोण्याची कांडी आणि पेपरॉन्चिनी नावाच्या लोणच्यातल्या सौम्य मिरच्या. बस्स. चर्चच्या पाककृतींच्या पुस्तकातून ती ब्लॉगांवर गेली आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे सॅम सिफ्टन यांनी तिच्यावर लिहिलं. त्यांनी पाकिटं काढून मूळ मसाले घातले. ते चवीला बरं असेलही, पण या रोस्टची सगळी मजा त्या निर्लज्ज सोपेपणात आहे.

मराठी घरांना चार तासांचं अप्रूप नाही, कारण कुकर आहे. दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि कोलॅजन कितीतरी लवकर विरघळतं. चकचे मोठे तुकडे तास-सव्वा तासात होतात. शिट्ट्या मोजण्यापेक्षा पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून घड्याळ पाहावं आणि कुकर आपला आपण गार होऊ द्यावा. वाफ एकदम सोडली तर मांसातलं पाणीही उसळून निघून जातं. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी असल्याने इथे बीफ म्हणून मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं मांस. थोराड जनावराच्या खांद्यालाही हाच नियम लागतो, आणि जून बोकडाच्या मटणालाही. फक्त वेळ कमी-जास्त.

राहिला मांडीचा तुकडा. त्याच्याशी अगदी उलटं वागायचं. ‘कुक्स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकी नियतकालिकाने आय ऑफ राउंडसाठी दिलेली पद्धत अशी: १८ ते २४ तास मीठ लावून ठेवा, तव्यावर भाजा, मग १०७ अंशांच्या ओव्हनमध्ये उघडाच ठेवा. आतलं तापमान ४६ अंश झालं की ओव्हन बंद करा, पण दार उघडू नका. उरलेल्या उष्णतेवर ते ५४ पर्यंत चढतं. इतक्या सावकाश तापताना मांसातली स्वतःचीच पाचक द्रव्यं तंतू तोडत राहतात, म्हणून ते कोवळं होतं. रंग आतून गुलाबी राहतो. अमेरिकी कृषी खात्याचा सल्ला मात्र ६३ अंश आणि नंतर किमान तीन मिनिटं विश्रांती असा आहे. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर तोच पाळावा. ओव्हन कुठलाही असो, थर्मामीटरशिवाय हा तुकडा हाताळू नये. कापताना सुरी तंतूंना आडवी चालवायची आणि काप कागदासारखे पातळ काढायचे. लांब तंतू अख्खे तोंडात आले तर सगळी मेहनत वाया.

स्वस्ताई मात्र आता पूर्वीची राहिलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत गुरांची संख्या सुमारे ८ कोटी ७२ लाख भरली. १९५१ नंतरचा तोपर्यंतचा हा सर्वांत कमी आकडा. दुष्काळाने कुरणं सुकली आणि पशुपालकांनी पैदाशीच्या गायीसुद्धा विकल्या, हे त्यामागचं एक मोठं कारण. कळप पुन्हा उभा राहायला काही वर्षं जातात, कारण कालवड राखून ठेवली तरी तिचं वासरू बाजारात यायला वेळ लागतो. त्यामुळे चकचा भाव चढला आहे, आणि नुसत्या पॉट रोस्टवर भागवणारी घरं आता त्याच भांड्यात बटाटे आणि गाजरं जास्त घालून एका तुकड्यात दोन दिवस काढतात. दुसऱ्या दिवशीचा रोस्ट तसाही अधिक चांगला लागतो: फ्रिजमध्ये रश्श्यातच ठेवला तर चरबी वर थिजून सहज काढता येते आणि गार तुकड्याचे काप न विसकटता निघतात.