चित्रपट, फीत आणि परवाना

कोल्हापूरच्या दक्षिणेस वेदगंगेच्या काठी गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. अशा गावी चित्रगृहातील चित्रपट न्यावयाचा म्हणजे पूर्वी मोठा खटाटोप असे. दोन तासांच्या चित्रपटाची फीत सुमारे ३,३०० मीटर भरते. ती पत्र्याच्या डब्यांतून वाहावी लागे आणि यंत्र चालविणारा जाणता माणूसही लागे. जपानमध्ये १९७६ साली निघालेली व्ही. एच. एस. व्हिडिओफीत मात्र अवघी अर्धा इंच रुंद होती. तीन तासांचे चित्र सुमारे अडीचशे मीटरांत मावे व पिशवीतून एस. टी.ने नेता येई. या सोयीमुळे एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला: चित्रपट कोणाच्या अनुमतीने पाहावयाचा?

कोल्हापुरास हा प्रश्न अपरिचित नाही. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’त (१९२०) कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब वठले की ते कापावे लागले. ‘प्रभात’च्या शिवचरित्रावरील मूकपटास ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव परकीय अंमलात ठेवता आले नाही. तो ‘उदयकाल’ म्हणून पडद्यावर आला. स्वातंत्र्यानंतर १९५२च्या कायद्याने जाहीर प्रदर्शनास प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. त्याविरुद्ध ख्वाजा अहमद अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. चलच्चित्राचा मनावरील परिणाम इतर कलांहून तीव्र असतो, या कारणास्तव न्यायालयाने १९७० साली पूर्वतपासणी वैध मानली.

डब्यांतील फितीवर देखरेख सोपी होती, कारण तिची प्रत रसायनशाळेतच निघे. व्हिडिओफितीवर चित्र चुंबकीय खुणांच्या रूपाने साठते. दोन यंत्रे जोडली की घरातच दुसरी प्रत तयार होते. प्रतीची प्रत काढीत गेल्यास रंग विटतात, कडा थरथरतात. तरी आशय पोचतो. न्यूयॉर्कमध्ये १९८५च्या सुमारास निक झेड व त्याचे साथीदार आपले मुद्दाम धक्का देणारे, अल्प खर्चाचे चित्रपट क्लबांत दाखवीत. घर संपून जाहीर जागा कोठे सुरू होते, हे अशा ठिकाणी सांगणे कठीण होते.

महाराष्ट्रात असा प्रसंग फेब्रुवारी २००४मध्ये मुंबईत आला. तेथील आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात भारतीय चित्रपटांना प्रमाणपत्राची अट घालण्यात आली होती. निर्मात्यांच्या विरोधामुळे ती मागे घेतली गेली. परंतु निवडीत अनेक टीकात्मक माहितीपट गळाले. तेव्हा निर्मात्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाने आपला समांतर महोत्सव भरविला. गुजरातमधील २००२च्या हिंसाचारावरील राकेश शर्मांच्या ‘फायनल सोल्यूशन’ला त्याच वर्षी प्रथम प्रमाणपत्र नाकारले गेले. शर्मांनी तबकड्या फुकट वाटल्या. अट एवढीच की घेणाऱ्याने आणखी पाच प्रती काढाव्यात. ऑक्टोबरमध्ये तोच चित्रपट संमत झाला.

तथापि, फितीने सर्व अडचणी मिटविल्या असे नव्हे. प्रमाणपत्र नसल्यास कोणते चित्र मुलांसमोर नको, हे सांगणारेही कोणी उरत नाही. क्षोभ उत्पन्न करणारे दृश्य सत्य आहे की केवळ भडक, याचा निवाडा प्रेक्षकांसच करावा लागतो. म्हणून अशा खेळानंतर दिवे लागताच लोक उठून न जाता निर्मात्यास प्रश्न विचारतात, ही प्रथा मोलाची आहे. जो अधिकार पूर्वी कचेरीत होता तो पंचवीस खुर्च्यांच्या खोलीत आला, तर त्याबरोबरची जबाबदारीही त्याच खोलीत आली पाहिजे.