वैद्य घडविणारी परीक्षा

श्रोतेहो, वसईजवळ तर्खड नांवाचें एक गांव आहे. तर्खडकर घराण्याचें आडनांव त्यावरूनच पडलें. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग याच घराण्यांतले. त्यांचे धाकटे बंधु आत्माराम पांडुरंग हे 1867 सालीं स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे एक प्रवर्तक म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु व्यवसायानें ते डॉक्टर होते. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 सालीं सुरू झालें आणि 1851 सालीं त्याची पहिली तुकडी बाहेर पडली. तींत भाऊ दाजी यांच्याबरोबर आत्मारामही उत्तीर्ण झाले. मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 ची. त्यापूर्वीं शिकविणें, पारखणें आणि प्रमाणपत्र देणें हीं तिन्ही कामें कॉलेजाकडेच होतीं.

आज वसई-विरारहून सकाळच्या गाडीनें मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींची पारख कशी होते, हें त्यांच्या घरींही पुष्कळदां नीटसें ठाऊक नसतें. बारावीपर्यंत नेहमीं अग्रभागीं असलेला मुलगा पहिल्याच वर्षीं एका विषयांत अडतो, आणि घरावर जणुं आकाश कोसळतें. म्हणून या परीक्षेची रचना आणि तिच्यामागील हेतु थोडक्यांत पाहूं.

एम. बी. बी. एस. चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्ष रुग्णालयांत सक्तीची उमेदवारी असते. पहिल्या वर्षीं शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन, म्हणजे निरोगी देहाचें ज्ञान. दुसऱ्या टप्प्यांत विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्र, म्हणजे देह बिघडतो कसा आणि औषध काय करतें याचें ज्ञान. शेवटच्या परीक्षेंत वैद्यक, शल्यक्रिया, प्रसूति व बालरोग यांसारखे विषय येतात. एक मजला कच्चा राहिला तर त्यावर दुसरा चढवितां येत नाहीं. म्हणूनच पहिली परीक्षा उत्तीर्ण झाल्यावांचून दुसऱ्या टप्प्यांत प्रवेश नाहीं.

विद्यापीठाच्या परीक्षेस बसण्यापूर्वींही दोन अटी पाळाव्या लागतात. व्याख्यानांस शेंकडा 75 व प्रात्यक्षिकांस शेंकडा 80 उपस्थिति हवी. शिवाय महाविद्यालयाच्या अंतर्गत मूल्यमापनांत एकूण शेंकडा 50 गुण हवेत, आणि लेखी व प्रात्यक्षिक या दोहोंत प्रत्येकीं 40 हून कमी चालत नाहींत. पुस्तकी विद्वत्तेनें हाताचें उणेपण झांकलें जाऊं नये, हा त्यांतला हेतु. विद्यार्थ्यानें कोणतें कौशल्य केव्हां हस्तगत केलें, याची नोंदवहीही ठेवावी लागते.

महाराष्ट्रांत अंतिम परीक्षा सामान्यतः नाशिकचें आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतें. त्याची स्थापना 1998 ची. लेखी उत्तरांखेरीज विद्यार्थ्यास खऱ्या रुग्णापाशीं उभें करतात. त्यानें रुग्णाची हकीकत विचारावी, नाडी पाहावी, पोट चांचपावें आणि मग निदान कां केलें तें परीक्षकांस सांगावें. परीक्षकांत परक्या महाविद्यालयांतलेही असतात. रुग्ण पाठ केलेल्या उत्तराप्रमाणें बोलत नाहीं. म्हणून ही कसोटी सर्वांत कठीण, आणि सर्वांत प्रामाणिकही.

आतां अपयशाविषयीं. पहिल्या परीक्षेंत जो अडतो, त्यास निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा मिळते. तींत उत्तीर्ण झाल्यास तो आपल्याच तुकडीबरोबर पुढें जातो. न झाल्यास मागील तुकडींत बसतो. 2023 च्या नियमांप्रमाणें पहिल्या परीक्षेस चारच संधि आहेत आणि सारा अभ्यासक्रम प्रवेशापासून 9 वर्षांच्या आंत पुरा व्हावा लागतो. यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. एक अपयश म्हणजे शेवट नव्हे. परंतु तें लपवून दिवस घालविण्याइतकी सवडही नाहीं. पुष्कळ मुलें घरच्या लज्जेच्या भयानें गप्प राहतात आणि हीच पुरवणी हातची घालवितात. पालकांनीं "किती गुण?" असें विचारण्याऐवजीं "कोठें अडतें?" असें विचारलें, तर मुलास शिक्षकांकडे जाण्याचें धैर्य येईल.

श्रोतेहो, एखादे रात्रीं आपल्याच घरीं कोणी आजारी पडेल आणि दारीं तरुण डॉक्टर येईल. तेव्हां त्याचा वर्गांतला क्रमांक आपण विचारणार नाहीं. त्याच्या हातांवर आपला विश्वास बसावा एवढेंच आपणांस हवें असेल. तो विश्वास आधींच तपासून ठेवणें, एवढेंच या कडक परीक्षेचें काम आहे.