वरळीच्या टेकडीतला बेडूक

जीवाश्मावरून प्राण्याचे नाव कळते, तसेच तो कुठल्या परिसरात राहत होता हेही कळते. चौथी-पाचवीच्या वर्गात नावांपेक्षा या दुसऱ्या गोष्टीवर भर दिलेला बरा, कारण तिथे पाठांतर चालत नाही; तर्क करावा लागतो.

मुंबईतल्या वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकातून इवल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये त्यांचे वर्णन केले. आज हा बेडूक इंडोबॅट्राकस या नावाने ओळखला जातो. मुलांना आधी एवढेच विचारावे : बेडूक कुठे राहतो? त्याच्या पातळ, ओलसर कातडीतून पाणी आत-बाहेर जाते, त्यामुळे समुद्राच्या खाऱ्या पाण्यात बहुतेक बेडूक तगत नाहीत. म्हणजे सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, आज समुद्राला लागून असलेल्या या जागी गोड्या पाण्याचे तळे किंवा दलदल होती. त्याच खडकांत कासवही मिळाले आहे. खडकाचा क्रमही बोलका आहे : खाली लाव्हा, मध्ये गाळ, वर पुन्हा लाव्हा. ज्वालामुखी मध्येच शांत होत असे, आणि तळे साचून त्यात बेडूक नांदावेत इतका तो काळ मोठा होता.

परिसरात काय उगवत होते, हे विष्ठेवरूनही कळते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या काळातली दगड झालेली विष्ठा मिळते. हे ऐकून वर्गात हशा पिकतो, पिकू द्यावा. या विष्ठेत गवताचे आणि ताडवर्गीय झाडांचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत असल्याचा भक्कम पुरावा नव्हता.

शाळिग्रामाचे कोडे जरा अवघड. नेपाळच्या गंडकी नदीत मिळणारे बरेच शाळिग्राम म्हणजे अमोनाइट या नामशेष प्राण्याचे जीवाश्म. आज जिवंत अमोनाइटच नाही, मग त्याचे घर कसे ओळखायचे? नात्यातल्या प्राण्यांकडे पाहून. नॉटिलस, माकूळ, ऑक्टोपस यांतला एकही गोड्या पाण्यात राहत नाही. म्हणजे अमोनाइटही समुद्रातलाच असावा. खडकही तेच सांगतात : अमोनाइट असलेले हिमालयातले खडक टेथिस या प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेले आहेत.

मात्र शाळिग्राम नदीत मिळतो म्हणून अमोनाइट नदीतला, असे एखादे मूल म्हणेलच. तिथेच आणखी एक नियम सांगता येतो : जीवाश्म वाहत येऊ शकतो. गुळगुळीत झिजलेला तुकडा बहुधा दुरून आलेला असतो. हाडे जागच्या जागी जुळलेला सांगाडा सहसा जवळच गाडला गेलेला असतो. म्हणून एका जीवाश्मावर निकाल देऊ नये. सोबतचे जीव आणि खडकाचा पोत, दोन्ही तपासावे : बारीक चिखल संथ पाण्यात साचतो, गोटे वेगवान प्रवाहात.