घाटात गाडी का दमते?

वैनगंगेच्या खोऱ्यातील वारासिवनी हे मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातले, तरीही मराठी कानाला परके न वाटणारे गाव. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३०० मीटर. ‘बाला’ हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ ‘वर’. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. गंमत अशी की बालाघाट शहर आणि वारासिवनी दोन्ही घाटाखालीच आहेत. खरा घाटमाथा बैहरचा, अंदाजे ६०० मीटर उंचीचा. नागपूरकडून या वाटेने कान्हा अभयारण्याकडे निघालेल्या गोमंतकीय पर्यटकाची गाडी बैहरचा घाट चढताना दमू लागते आणि ‘उंचीवर हवा विरळ असते ना!’ असे कारण लगेच पुढे केले जाते. कारण शास्त्रशुद्ध आहे. मात्र ते या घाटाला लागू पडत नाही.

इंजिनाला इंधनाइतकीच हवा लागते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळण्यासाठी साधारण १४.७ ग्रॅम हवा हवी. सिलिंडरचे आकारमान ठरलेले असते. त्यात मावणाऱ्या हवेचे वजन मात्र तिच्या घनतेवर अवलंबून असते. हवा विरळ झाली की तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी शिरतो, त्या प्रमाणात इंधनही कमी जळते आणि शक्ती घटते. ढोबळ हिशेब असा, की साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर १,००० मीटर उंचीमागे सुमारे दहा टक्क्यांनी उतरते.

या हिशेबाने वारासिवनीहून बैहरला पोहोचेपर्यंत गाडी गमावते ती जेमतेम तीन टक्के शक्ती. चालकाला ती जाणवणारही नाही. त्याला जाणवतो तो रस्त्याचा चढ, गाडीत भरलेले सामान आणि चालू असलेला एसी. उलट, वारासिवनीत जानेवारीच्या पहाटेची दहा अंशांची हवा आणि मे महिन्यातल्या दुपारची ४३ अंशांची हवा यांच्या घनतेतच सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो. म्हणजे जागेवर उभ्या गाडीला उन्हाळा जवळपास एक किलोमीटर उंचीवर नेऊन ठेवतो! पणजीच्या दमट हवेचेही तसेच. तीस अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना हवेतील बाष्प तीन टक्क्यांहून अधिक जागा अडवते. बैहरचा घाट चढून जेवढे गमवावे तेवढे समुद्रकिनाऱ्यावरच गेलेले असते.

विरळ हवेचा खरा प्रताप पाहायचा तर लडाखला जावे लागते. खारदुंग ला खिंडीत वर्षानुवर्षे १८,३८० फुटांचा फलक मिरवला गेला. उपग्रहाच्या साहाय्याने केलेल्या मोजणीत उंची ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८० फूट भरली. फलकाची ही फुशारकी वगळली तरी तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच असतो. घरी ८० अश्वशक्ती देणारे साधे इंजिन तेथे चाळीस-पंचेचाळीसवर येते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हवा घटली तरी इंधन त्या मानाने कमी होत नसे. मग काळा धूर, काजळलेले स्पार्क प्लग आणि मध्येच बंद पडणे हे ठरलेले. आजच्या फ्युएल इंजेक्शनमध्ये सेन्सर हवेचा अंदाज घेऊन इंधन आवरतात. धूर थांबतो, पण गेलेली शक्ती परत येत नाही. टर्बो हवा दाबून भरत असल्याने बरीचशी उणीव भरून काढतो. तोही इंजिनाला गती आल्यावरच. उभ्या चढावर गाडी हलवताना क्लच जळल्याचा वास येतो तो बहुधा यामुळे.

चढावरच्या या त्रासाची चर्चा खूप होते. उताराविषयी मात्र फारसे कुणी बोलत नाही, आणि जिवाशी गाठ तेथेच असते. बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या पेडलला हातभार लावणारा बूस्टर वातावरणाच्या दाबावर चालतो. त्यातील पडद्याच्या एका बाजूला निर्वात, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. या दोहोंतील फरक पायाचा जोर वाढवतो. बाहेरचा दाबच निम्मा झाला की ही मदतही निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. ब्रेक निकामी होत नाहीत, पण पेडल कडक लागते आणि नेहमीच्या जोराने दाबल्यास गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबते. पेट्रोल इंजिनाचा स्वतःचा अवरोध, ज्याला आपण इंजिन ब्रेकिंग म्हणतो, तोही विरळ हवेत सैल पडतो.

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा चालकांचा जुना नियम येथे नेमका उपयोगी पडतो. शक्ती घटल्याने चढताना दुसरा गिअर लागला असेल, तर उतरतानाही दुसराच ठेवावा. इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची किंवा इंजिनच बंद करण्याची सवय अनेकांना आहे. अनमोडच्या घाटातही ती घातकच. इंजिन बंद होताच बूस्टरला नवा निर्वात मिळेनासा होतो. साठलेला दोन-तीनदा ब्रेक दाबताच संपतो. लडाखच्या उतारावर हा साठा मुळातच तोकडा असतो.

निघण्यापूर्वी ब्रेक ऑइलही तपासून घ्यावे. ते हवेतील ओलावा शोषते आणि पाण्याचा अंश वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये असे तेल उकळले, तर नळीत वाफेचे बुडबुडे धरतात आणि पेडल एकदम तळाला जाते. कोकणपट्टीतल्या दमट हवेत वापरल्या जाणाऱ्या गाडीचे तेल दोन वर्षांहून जुने असेल, तर ते येथेच बदलून मग उत्तरेची वाट धरावी.