यंत्र, नट आणि संमती

यंत्रामुळे चित्रपटांतील माणूस हरपला, ही तक्रार अलीकडे वारंवार कानी येते. ती करणाऱ्यांस आम्ही एवढेच स्मरण देऊ इच्छितो की, चित्रपट ही जन्मतःच यंत्राची कला आहे. नाटकातून यंत्र वजा केले तरी नाटक उरते; चित्रपटातून वजा केले तर कोरा पडदा तेवढा उरतो. तेव्हा यंत्र असावे की नसावे, हा वादच नव्हे.

'प्रभात'चा 'संत तुकाराम' (१९३६) घ्यावा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल हे दोघेही मूळचे तंत्रज्ञ; एकाचा हात ध्वनिमुद्रणात मुरलेला, दुसऱ्याचा कलादिग्दर्शनात. वैकुंठास जाणारे विमान हा तर निव्वळ छायाचित्रणातील युक्तीचा खेळ. आज ती युक्ती शाळकरी पोरासही ओळखता येते. तरी कोणी हसत नाही. विष्णुपंत पागनिसांच्या मुद्रेवरील तन्मयता हे त्याचे एक कारण. पण आमच्या मते त्याहून मोठे कारण गौरीने उभी केलेली जिजाई. नवऱ्यावर आणि देवावर सारखीच करवादणारी, हाती पायताण घेऊन विठ्ठलास जाब विचारणारी ही संसारी बाई पडद्यावर आहे, म्हणूनच ते विमान उडण्याला खाली जमीन आहे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

आता दुसरे उदाहरण. २०१३ च्या 'रांझणा'चा नायक अखेरीस मरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची तमिळ आवृत्ती 'अंबिकापती' पुन्हा प्रदर्शित करताना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शेवट बदलून त्यास जिवंत करण्यात आले. दिग्दर्शक आनंद राय आणि नट धनुष यांनी जाहीर निषेध केला. कायद्याचा निवाडा आमच्या अधिकारातला नाही. परंतु नटाने जो भाव कधी धारण केलाच नाही, तो त्याच्या चेहऱ्यावर चढविणे यास अभिनय कसे म्हणावे? मुखवटा म्हणावे, तर मुखवट्यामागेही कोणीतरी असते.

अमेरिकेतील नटांनी २०२३ मध्ये ११८ दिवस संप केला, तेव्हा नटाची प्रतिकृती त्याच्या संमतीवाचून व मोबदल्यावाचून यंत्राने घडवू नये, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. पुढे करारात तशी कलमे आलीही. परंतु संमती द्यावयास माणूस हयात हवा.

'संत तुकाराम'मध्ये विमान जाते आणि जिजाई मागे राहते. उद्या कोणी तिलाही विमानात बसविले, तर कित्येक प्रेक्षकांस ते आवडेलही. नको म्हणावयास मात्र आज दामले नाहीत, फत्तेलाल नाहीत, आणि गौरीही नाही.