जुना संगणक इंटरनेटला जोडताय? आधी एवढं वाचा

सरपंच, भाऊसाहेब, सोसायटीचे सचिव आणि शेतकरी मंडळी, तुमच्या ग्रामपंचायतीत, विकास सोसायटीत नाहीतर दूध डेअरीत एखादा जुना संगणक कोपऱ्यात धूळ खात पडला असेल. त्याला कुणी हात लावत नाही आणि भंगारातही घालत नाही. कारण आत घरपट्टीच्या आकारणीच्या नोंदी असतात, सभासदांची जुनी खाती असतात, दुधाचे हिशेब असतात. आता कार्यालयात इंटरनेट आलं की कुणीतरी म्हणतंच, "यालाही जोडून टाकू." जोडता येतो, बरं का. पण कशासाठी आणि किती वेळ, ते आधी ठरवा.

आधी नोंदी, मग जोडणी

बरीच वर्षं बंद असलेलं यंत्र घाईनं सुरू करू नका. डबा उघडून धूळ काढा, उंदरांनी वायरी कुरतडल्यात का पाहा. मग जाणकार माणसाकडून आतली हार्ड डिस्क बाहेर काढून घ्या. बाजारात मिळणाऱ्या जोडणीच्या वायरीनं ती चालू संगणकाला लागते. सगळ्या फायली उतरवून घ्या. एक प्रत कार्यालयात आणि दुसरी वेगळ्या जागी ठेवा. जुनी डिस्क कधी दगा देईल याचा नेम नसतो. ती गेली तर वारसनोंदीचा नाहीतर थकबाकीचा वाद निघाल्यावर दाखवायचं काय?

त्या काळी बरेच हिशेब फॉक्सप्रोवर लिहीत. त्या डीबीएफ फायली लिबर ऑफिस या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडतात. मराठी मजकूर मात्र पुष्कळदा जुन्या फॉन्टमध्ये असतो. नव्या संगणकावर तो भलत्याच अक्षरांत दिसतो. घाबरू नका, मजकूर बिघडलेला नसतो. जुन्या यंत्रातला फॉन्टही सोबत उतरवून घ्या आणि मग मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

जोडणी कशी होते

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं इंटरनेट जनतेसाठी खुलं केलं, तेव्हा मोडेम टेलिफोनच्या तारेला लावून नंबर फिरवावा लागे. आज राऊटर असतो. जुन्या यंत्राला वाय-फायपेक्षा लॅनची वायर बरी, कारण आजच्या वाय-फायचं कुलूप फार जुन्या प्रणालीला उघडत नाही. विंडोज ९८ किंवा एक्सपी असेल आणि लॅन कार्ड चालू असेल, तर राऊटरकडून पत्ता आपोआप मिळतो.

तरीही संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हा आधी तारीख पाहा. आतला नाण्याएवढा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागं जाते. मग संकेतस्थळाचा दाखला यंत्राला अजून लागूच न झालेला वाटतो आणि ते दार लावून घेतं. सीआर २०३२ हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

तारीख बरोबर असूनही अडलं, तर कारण वेगळं आहे. संकेतस्थळांशी गुप्तपणे बोलण्याची जुनी पद्धत मोठ्या ब्राउझरांनी २०२० मध्ये बंद केली. एक्सपीतलं इंटरनेट एक्सप्लोरर तेवढंच जाणतं. एक्सपीवर चालणाऱ्या फायरफॉक्सच्या सुधारणाही २०१८ मध्ये थांबल्या. त्यामुळं काही पानं उघडतील, पुष्कळशी नाही.

धोका कुठं आहे

विंडोज ९८ ची देखभाल कंपनीनं जुलै २००६ मध्ये थांबवली, एक्सपीची ८ एप्रिल २०१४ ला, विंडोज ७ ची जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्यानंतर सापडलेली भोकं सहसा कुणी बुजवत नाही. कुंपण मोडलेल्या रानासारखी ही गत. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या किड्यानं जगभरातल्या संगणकांवरच्या फायलींना कुलूप घालून खंडणी मागितली. फोल्डर एकमेकांत वाटण्याच्या जुन्या सोयीतून तो शिरला. म्हणून तीच सोय नव्या संगणकावर मुद्दाम सुरू करून जुन्याशी जोडू नका. पेनड्राइव्ह किंवा डिस्क बरी. विंडोज ९८ ला पेनड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो, एक्सपीला लागत नाही.

जुन्या यंत्रावर बँकेचा व्यवहार, डिजिटल सही आणि कोणताही पासवर्ड अजिबात नको. एखादी फाइल आणण्यापुरतं जोडा आणि काम झालं की वायर काढा. छपाई नाहीतर जुने हिशेब पाहण्यासाठी यंत्र लागत असेल, तर ते बिनइंटरनेटचंही उत्तम चालतं.

वारणेचा धडा

१९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली वारणा भागातली ७० गावं संगणकानं जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. ऊस उत्पादकाला गावातच आपल्या उसाची माहिती मिळू लागली. पुढं यंत्रं जुनी झाली. तेव्हा २००६ च्या सुमारास सात गावांत तीच माहिती मोबाइलच्या एसएमएसवर देऊन पाहिली, आणि ते जमलं. शेतकऱ्याला उसाचा आकडा हवा होता, तो कोणत्या यंत्रातून येतो याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

तेव्हा मंडळी, पुढच्या मासिक सभेत हा विषय घ्या. नोंदी उतरवल्या का, प्रती किती, कुठं ठेवल्या आणि कुणाच्या ताब्यात, हे इतिवृत्तात लिहून ठेवा. मग यंत्र जोडायचं की नुसतं जपायचं, ते सावकाश ठरवता येईल.