शाळेतला फोन कोण उचलणार? – ऑफिसच्या टेलिफोनमधल्या सोयी कशा लावाव्यात, कशा वापराव्यात



आजचा विषय जरा वेगळा आहे. भाषा नाही, गणित नाही, परिसर अभ्यास तर नाहीच. आज बोलू या शाळेच्या ऑफिसमध्ये टेबलाच्या कोपऱ्यात बसलेल्या फोनबद्दल. मोबाइल आल्यापासून त्याच्याकडे आपलं लक्ष नसतं. पण प्रवेश अर्जावर, ओळखपत्रावर आणि दप्तराला अडकवलेल्या चिठ्ठीवर नंबर त्याचाच असतो. अडचणीत आलेला पालक पहिला फोन तिथेच करतो.

विषय कसा सुचला?

आमची शाळा स्वारगेटजवळ आहे. एका दिवाळीच्या सुट्टीत कुणाचा फोन चुकू नये म्हणून ऑफिसच्या नंबरवर येणारे कॉल एका सहकाऱ्याच्या मोबाइलवर वळवले होते. सुट्टी संपली, शाळा भरली, पण वळवलेले कॉल परत आणायचं आम्ही सगळेच विसरलो. त्यातच तो सहकारी रजा घेऊन गावी गेलेला, आणि तिथे रेंज नाही.

शाळा सुटायची वेळ झाली. तिसरीतल्या एका मुलाची आई जेधे चौकाच्या गर्दीत बसमध्ये अडकली होती. "मला उशीर होतोय, त्याला गेटबाहेर सोडू नका," एवढंच सांगायला तिनं सहा वेळा फोन केला. इकडे ऑफिसचा फोन एकदाही वाजला नाही. आम्हाला वाटलं, आज बरं आहे, शांतता आहे! मुलगा आईला शोधत बाहेर गेला आणि चाळीस मिनिटं रस्त्याच्या कडेला उभा राहिला. शेवटी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या काकांनी त्याला आत बसवून ठेवलं. वाईट काही झालं नाही. पण आई आल्यावर मला म्हणाली, "मॅडम, शाळेचा फोन असतो कशासाठी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याच सकाळी त्याच फोनवरून दोन कॉल केले होते. डायल टोन होता, कॉल लागले होते. म्हणजे फोन चांगला चालू आहे असंच कुणालाही वाटेल. कॉल वळवलेला असतो तेव्हा जाणारे कॉल व्यवस्थित जातात, फक्त येणारे येत नाहीत. म्हणून ही चूक आतून दिसत नाही, बाहेरून फोन केल्यावरच दिसते. त्यानंतर मी ही सगळी यंत्रणा नीट समजून घेतली. तेच आज सांगते.

ईपीएबीएक्स म्हणजे काय?

ऑफिसात भिंतीवर जो पेटीसारखा डबा असतो, त्याला ईपीएबीएक्स म्हणतात. सोप्या भाषेत, आपल्या इमारतीपुरतं छोटं टेलिफोन एक्स्चेंज. बाहेरून येणारी लाइन त्यात जाते आणि आतल्या टेबलांवरचे फोन त्याला जोडलेले असतात. आतल्या प्रत्येक फोनला दोन-तीन आकडी नंबर असतो, तो म्हणजे एक्स्टेन्शन.

पूर्वी हे काम माणूस करायचा. मुंबई, कोलकाता आणि मद्रास इथे १८८२ मध्ये टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली, तेव्हा ऑपरेटर हाताने वायर खोचून दोन माणसं जोडून देत असे. माणसाशिवाय चालणाऱ्या एक्स्चेंजचं पेटंट १८९१ मध्ये अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रॉजर यांना मिळालं. हे गृहस्थ अंत्यविधीचा व्यवसाय करायचे. त्यांच्या गावातली ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याची बायको होती आणि ती सगळी गिऱ्हाइकं नवऱ्याकडे वळवायची, म्हणून चिडून त्यांनी हे यंत्र शोधलं, अशी गोष्ट सांगतात. ती कितपत खरी ते सोडून द्या, पण मुद्दा पक्का आहे. फोन कुणाकडे जावा हे ठरवणारा तो खरा मालक. आज ते ठरवतं आपण केलेलं सेटिंग. म्हणून सेटिंग बसवणाऱ्या माणसावर सगळं सोडू नये.

आधी कागदावर आराखडा

मशीनला हात लावण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. शाळेच्या वेळात फोन आला तर आधी कुठे वाजणार?
२. तिथे कुणी नसेल तर किती रिंगनंतर कुठे जाणार?
३. शाळा बंद असताना कुठे जाणार?

आमचा आराखडा असा झाला: २१ ऑफिस, २२ मुख्याध्यापक, २३ शिक्षक खोली, २४ गेट.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. एक्स्टेन्शनचे नंबर १ पासून सुरू करू नका. आपले तातडीचे नंबर ११२, १०१, १०८, १०९८ असे एकनेच सुरू होतात. एक्स्टेन्शन ११ असेल आणि घाईत कुणी ११२ लावला, तर पहिल्या दोन आकड्यांनाच शेजारच्या खोलीतला फोन वाजेल! तसंच बऱ्याच मशीनवर बाहेरची लाइन घ्यायला आधी ० दाबावा लागतो, म्हणजे ११२ सुद्धा ० दाबून लावावा लागतो. बसवणाऱ्याला सांगा की ११२ थेट लागला पाहिजे, आणि त्याच्यासमोर त्याबद्दल खात्री करून घ्या.

रोज लागणाऱ्या सोयी

कोणत्या सोयीला कोणता कोड, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. तो मशीनच्या पुस्तिकेत मिळेल. सोय काय करते हे मात्र सगळीकडे सारखं आहे.

ट्रान्सफर (कॉल जोडून देणे): पालक बोलत असताना 'फ्लॅश' किंवा 'आर' लिहिलेलं बटण दाबायचं, दुसरा टोन ऐकू आला की एक्स्टेन्शन लावायचं. बटण नसेल तर रिसीव्हर ठेवायची जागा क्षणभर दाबून सोडायची. जास्त वेळ दाबली तर कॉलच कटतो, नवीन माणसाची चूक नेमकी इथे होते. आणि एक सवय लावा, फोन आंधळेपणाने जोडून देऊ नका. समोरच्या शिक्षकाने उचलल्यावर आधी सांगा, "दुसरी ब मधल्या मुलीचे वडील आहेत, ताप आलाय म्हणून विचारतायत." मग रिसीव्हर ठेवा. पालकाला तीच कहाणी तीनदा सांगायला लागत नाही.

होल्ड: थांबवायचं असेल तर "एक मिनिट हं" म्हणून होल्ड करा. नुसता रिसीव्हर टेबलावर ठेवलात, तर ऑफिसातल्या सगळ्या गप्पा पालकाला ऐकू जातात.

पिकअप: शेजारच्या टेबलावरचा फोन वाजतोय आणि तिथे कुणी नाही. अशा वेळी उठून पळायचं नाही. आपल्याच फोनवर पिकअपचा कोड दाबला की तो कॉल आपल्याकडे येतो. ही सोय बहुतेक मशीनमध्ये असते, पण माहीत फार थोड्यांना असते.

ग्रुप किंवा हंटिंग: आधी २१ वाजेल, चार रिंगमध्ये उचलला नाही तर २३, मग २४, असा क्रम लावता येतो. किंवा सगळे एकदम वाजतील असंही करता येतं. शाळेसाठी क्रम बरा. सगळीकडे एकदम वाजलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा उचलेल, आणि कुणीच उचलत नाही. वर्गातल्या फळा पुसण्यासारखंच आहे ते, नाव घेऊन सांगितलं तरच होतं!

नाइट मोड: शाळा सुटल्यावर एक कोड दाबला की सगळे कॉल ठरलेल्या एकाच फोनकडे जातात, उदाहरणार्थ गेटवर. काही मशीनमध्ये हे वेळ लावून आपोआप होतं. मग सुट्टीच्या दिवसाचंही बघून घ्या.

आपोआप उत्तर: "ऑफिससाठी एक दाबा, मुख्याध्यापकांसाठी दोन दाबा" हा आवाज आपणच रेकॉर्ड करू शकतो. मशीनला बटण कळतं कसं? प्रत्येक बटण दोन सूर एकदम वाजवतं. ५ दाबला की ७७० आणि १३३६ हर्ट्झ. आडव्या ओळीचा एक सूर, उभ्या ओळीचा एक. दोन्ही जुळले की बटण ठरलं. पाचवीच्या मुलांना आडव्या-उभ्या ओळी शिकवताना हे उदाहरण छान बसतं. पण लहान शाळेत ही सोय लावायची का, याचा दोनदा विचार करा. आमच्याकडचे बरेच पालक मार्केट यार्डात हमाली करणारे, शिवणकाम करणारे. घाबरलेल्या आजीला "तीन दाबा" सांगण्यापेक्षा माणसाचा आवाज बरा. लावलीच, तर मराठीत, छोटी, आणि काहीच दाबलं नाही तरी कॉल ऑफिसला जाईल अशी लावा.

एक गैरसमजही दूर करते. एक्स्टेन्शन चार असली तरी बाहेरची लाइन एकच असेल, तर एका वेळी बाहेरच्या एकाशीच बोलता येतं. सर निवांत बोलत बसले की बाकीच्या पालकांना फोन एंगेज लागतो. यावर उपाय दुसरी लाइन घेणं, नाहीतर शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी त्या लाइनवरून बाहेर कॉल न करणं. दुसरा उपाय फुकट आहे!

कॉल फॉरवर्डिंग: सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात धोक्याची सोय

फॉरवर्डिंग तीन प्रकारचं असतं. पहिलं, सगळे कॉल सरसकट वळवणं. दुसरं, फोन बिझी असेल तरच. तिसरं, कुणी उचलला नाही तरच. शाळेने शक्यतो तिसरं वापरावं. त्यात आधी आपला फोन वाजतो, म्हणून विसरलं तरी कॉल बेपत्ता होत नाहीत. आम्ही पहिलं लावलं होतं, तीच आमची चूक.

आणखी एक गोम आहे. फॉरवर्डिंग दोन ठिकाणी लागू शकतं, आपल्या मशीनमध्ये आणि टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये. कंपनीकडे लावलेलं असेल तर आपलं मशीन बंद-चालू करून काहीही होत नाही. म्हणून लावण्याचा आणि काढण्याचा, दोन्ही कोड कंपनीकडून विचारून फोनच्या बाजूला चिकटवा. त्याखाली लिहा: कधी लावलं, कुणाच्या नंबरवर, कधी काढायचं, काढणार कोण.

याच सोयीचा चोर लोकही वापर करतात. कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस असल्याचं भासवून ते मोबाइलवर तारका आणि हॅश असलेला कोड दाबायला लावतात. तो असतो फॉरवर्डिंगचा कोड. मग आपले कॉल, कॉलवर येणारे ओटीपीसुद्धा, त्यांच्याकडे जातात. म्हणूनच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड दाबून होणारं फॉरवर्डिंग थांबवायला मोबाइल कंपन्यांना सांगितलं होतं. तरी पालकसभेत हे जरूर सांगा: अनोळखी माणसाने सांगितलेला कोड दाबायचा नाही, मोबाइलच्या कॉल सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग बंद आहे ना ते अधूनमधून बघायचं, आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करायचा.

बाहेर फोन लावताना आणि वीज गेल्यावर

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावा लागतो. त्यात मशीनचा बाहेरच्या लाइनसाठीचा शून्य वेगळा. म्हणजे ऑफिसमधून पालकाचा मोबाइल लावताना बहुधा दोन शून्य. नवीन शिक्षक एकच शून्य लावतात आणि "नंबर चुकीचा आहे" म्हणून सोडून देतात. नंबर बरोबरच असतो!

विजेचंही बघा. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या साध्या फोनला वीज एक्स्चेंजकडून तारेतूनच येते, म्हणून लाइट गेली तरी तो चालतो. फायबरवरच्या फोनचं तसं नाही, त्याचा मोडेम बंद तर फोन बंद. ईपीएबीएक्सलाही वीज लागते. तेव्हा दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर आहेत का, एवढं तपासा.

आमचे चार नियम

१. शाळा भरल्यावर पहिलं काम, कुणीतरी आपल्या मोबाइलवरून शाळेला फोन करतो. वाजला, दुसऱ्याने उचलला, झालं. अर्धं मिनिट लागतं.

२. फोनजवळ निरोपवही. वेळ, कुणाचा फोन, कोणत्या मुलासाठी, निरोप काय, कुणाला दिला, अशा पाच रकान्यांची.

३. "मुलाला आज दुसऱ्या कुणाबरोबर पाठवा" असा फोन आला, तर हो म्हणायचं नाही. आपण नोंदवहीतल्या नंबरवर उलट फोन करायचा. स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरवर विसंबायचं नाही, तो खोटा दाखवता येतो.

४. पालकांचे नंबर प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला तपासायचे.

वर्गातही हे घेता येतं. मी तिसरी-चौथीच्या मुलांना दोन खेळण्यातले फोन देऊन नाटुकलं करायला लावते. एकजण पालक, एकजण ऑफिस. नाव सांगा, काम सांगा, निरोप परत म्हणून दाखवा. भाषेचा तास होतो आणि आई-बाबांचा नंबर पाठही होतो. घरचा एक तरी नंबर पाठ असणं प्रत्येक मुलासाठी गरजेचं आहे, पालकहो, हे तुमच्याकडे लागलं!

तो तिसरीतला मुलगा आता पाचवीत आहे. परवा त्याच्या आईचा फोन आला, दुसऱ्या रिंगला मीच उचलला. "मॅडम, बस अडकलीये, त्याला थांबवून ठेवाल?" मी २४ लावला, गेटवरच्या मामांना सांगितलं आणि निरोपवहीत एक ओळ लिहिली. मुलगा गेटच्या आत बाकावर बसून डबा संपवत होता.

उद्या शाळेत गेलात की आधी आपल्याच शाळेला एक फोन लावून बघा.